सासूबाईंचा शेवटचा सामना

हाताचं प्लास्टर निघालं त्या दिवशी सासूबाईंना दवाखान्यातून थेट मैदानावर जायचं होतं. माझ्या नवऱ्याने टॅक्सीवाल्याला परस्पर घराचा पत्ता सांगितला. तेवढं पुरलं. मागच्या सीटवर मायलेकांच्या मध्ये मी बसले होते आणि घर येईपर्यंत दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत भांडत होते.

"त्याला सांग, हात माझा आहे."

"तिला सांग, महिनाभर तिची वेणी तू घालत होतीस."

"त्याला सांग, वेणी घातली नाही म्हणून कुणी मरत नाही."

टॅक्सीवाला आरशातून मजा बघत होता. मी त्याच्यावर ओरडले, "तुम्ही पुढे बघा!" मी ग्राहक सेवा केंद्रात काम करते. दिवसभर कानाला यंत्र लावून अनोळखी लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत" म्हणायचं, ही माझी नोकरी. तिथे चिडायची मुभा नाही. म्हणून माझा राग सगळा शिलकीत असतो आणि बाहेर पडल्यावर जो समोर येईल त्याच्या वाट्याला जातो.

सासूबाईंचं तसं नाही. त्यांना नोकरीतही चिडायची मुभा होती, नव्हे, पगारच त्याचा होता. त्या बसकंडक्टर होत्या. उभं आयुष्य त्यांनी अक्षरशः उभ्याने काढलं. एका हाताने दांडा धरायचा, दुसऱ्या हाताने तिकीट फाडायचं आणि "पुढे सरका, पुढे काय लग्न लागलंय का?" असं गाडीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं ओरडायचं. बिनतिकिटाचा माणूस त्या तोंडावरून ओळखत. "ज्याच्याकडे तिकीट असतं तो माझ्याकडे बघतो," त्या सांगायच्या, "नसतं तो खिडकीबाहेर बघतो. जन्मात रस्ता पाहिला नसल्यासारखा."

अशी बाई निवृत्त होऊन घरात बसली, तर काय व्हायचं तेच झालं. गुडघे धरले, साखर वाढली, झोप गेली. खुर्चीत बसून त्या घर चालवायला लागल्या आणि घर म्हणजे मी. भांडी कशी लावायची, पडदे किती ओढायचे, फोनवर किती मोठ्याने बोलायचं, सगळ्याला हुकूम. डॉक्टर म्हणाले, चाला. सासूबाई म्हणाल्या, "कुठपर्यंत?" डॉक्टर म्हणाले, "कुठपर्यंत असं नाही, मैदानाला फेऱ्या मारा." त्यावर त्यांनी डॉक्टरांकडे अशा नजरेने पाहिलं की डॉक्टरांनीच खिडकीबाहेर पाहिलं. "उतरायचा थांबा नसलेल्या गाडीत मी चढत नाही," असं बजावून त्या घरी आल्या.

पण पोरांनी मैदानावर टाकून दिलेला एक टेनिसचा चेंडू आणि शिवणक्लासवाल्या काकूंच्या हातातलं धुणं बडवायचं धोपाटणं यांनी डॉक्टरांना न जमलेलं काम केलं. काकू आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. सकाळी त्या आणि आणखी पाचसहा जणी मैदानात गोल करून टाळ्या वाजवायच्या व्यायाम म्हणून. त्या टाळ्यांना वैतागून एके सकाळी सासूबाई त्या बंद करायला खाली उतरल्या. त्यांनी चेंडू उचलून काकूंच्या दिशेने फेकला, धुणं अर्धवट टाकून तशाच आलेल्या काकूंनी धोपाटणं फिरवलं आणि चेंडू वाहनतळाच्या पत्र्यावर जाऊन दणकला. दुसऱ्या दिवशी टाळ्या बंद झाल्या. महिन्याभरात बॅट आली, स्टंप आले आणि अकरा जणी झाल्या, सगळ्या साठीच्या पुढच्या. नवीन गुडघे बसवलेलीला धावायला दुसरी मिळायची. दम लागला की मध्येच खाली बसायची परवानगी होती. मात्र आउट म्हणजे आउट. "चुकून झालं", "उन्हामुळे दिसला नाही", "आज पाय दुखतोय" असली कारणं कंडक्टरबाई ऐकून घेत नसत.

लोक हसले. साठी बुद्धी नाठी, म्हातारचळ लागलाय, सगळं बोलून झालं. पण सासूबाई जिना चढायला लागल्या. साखर उतरली. रात्री घोरायला लागल्या, आणि ते घोरणं मला अंगाईसारखं वाटायचं, कारण त्या झोपल्या म्हणजे घर झोपायचं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यांचा राग पहाटेच घराबाहेर पडून मैदानावर खर्च व्हायचा. घरी यायच्या त्या रिकाम्या होऊन, चहा मागत. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा सासू-सुनेचं बरं चाललं होतं. माझ्या नवऱ्याला हे दिसत नव्हतं. त्याला दिसला तो फक्त एक मोडलेला हात.

हात मोडला त्यात नवल काही नाही. एक चेंडू त्यांच्या उजवीकडून जमिनीलगत चालला होता आणि सासूबाईंनी स्वतःला त्याच्यावर झोकून दिलं. चेंडू अडला. मनगट गेलं. प्लास्टर घालून घरी आल्या तेव्हा पहिलं वाक्य होतं, "एकच धाव गेली, तीन वाचवल्या."

नवऱ्याने तेव्हापासून जो धोशा लावला तो महिनाभर थांबला नाही. "मनगटावर निभावलं. उद्या कंबर मोडली तर? अंथरुणाला खिळलीस तर? कोण बघणार?" कोण बघणार या प्रश्नाचं उत्तर घरातल्या भिंतींनाही माहीत होतं, ते म्हणजे मी. पण प्रश्न विचारताना चेहरा असा करायचा जणू हाच रात्रंदिवस उशाशी बसणार आहे. आणि हे कुणी सांगायचं? जो दुसऱ्या मजल्यावर यायला लिफ्टची वाट बघत उभा राहतो. इमारतींचे नकाशे काढायची त्याची नोकरी. सकाळी खुर्चीत बसतो तो रात्री उठतो, घरी येऊन दुसऱ्या खुर्चीत बसतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी हे त्याला तोंडावर ऐकवलं. तो म्हणाला, "माझा विषय नाही चाललेला."

हाड जुळलं, हात वापरायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी टॅक्सीतलं भांडण घरात आलं आणि रात्रीपर्यंत पेटत राहिलं. शेवटी तो आईच्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "आई, तू पडलीस की मला ऑफिसात फोन येतो. मला आता फोन वाजला तरी धडकी भरते. मला झोप लागत नाही ग." आवाज खरा होता. मग तो म्हणाला, "सोसायटीच्या वर्धापनदिनाला सेक्रेटरी सामना ठेवतायत, तुमच्या बायका विरुद्ध सोसायटीचे पुरुष. तो खेळ. शेवटचा. त्यानंतर बंद. शब्द दे."

सासूबाईंनी कधी शब्द मोडलेला नाही, हे त्याला माहीत होतं. म्हणून तर मागितला.

"दिला," त्या म्हणाल्या. "दिला शब्द. आता दार लाव आणि तोंड दाखवू नकोस."

सामन्यापर्यंत त्या घरात कुणाशी बोलल्या नाहीत. बॅट मात्र रोज पुसायच्या. मला वाईट वाटत होतं आणि त्या वाईट वाटण्याचाही राग येत होता. सामना झाला की ही बाई पुन्हा खुर्चीत बसणार, आणि ते माझ्याशिवाय कुणालाच कळत नव्हतं.

सामन्याच्या सकाळी मैदानावर पाय ठेवला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कडेला गाद्या टाकलेल्या खुर्च्या. अकरा गुलाबी टोप्या. टेबलावर आधीच मांडून ठेवलेली अकरा पदकं. सेक्रेटरी माइक घेऊन उभे, "आपल्या सर्वांच्या लाडक्या, गोड गोड आजीबाई!" म्हणत. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शिवणक्लासवाल्या काकूंनी टोपी उलटी करून शिवण पाहिली आणि "उसवणार" एवढंच म्हणाल्या. सासूबाई सेक्रेटरींजवळ गेल्या. "आजीबाई कुणाला म्हणता? तुमच्या आईपेक्षा मी लहान आहे." ते हसले. माइकवरच हसले. त्यामुळे सगळे हसले.

आणि मग जो प्रकार सुरू झाला त्याला मी सामना म्हणणार नाही. गोलंदाजीला कोपऱ्यावरचा औषधवाला होता, चांगला उंच, दर रविवारी पोरांच्या दांड्या उडवणारा. तो बायकांना खालून सरपटी चेंडू टाकत होता, मांजराला दोऱ्याचं रीळ ढकलावं तसे. एक काकू बॅट फिरवायचंच विसरल्या तर चेंडू स्टंपांच्या बाजूने जावा म्हणून यष्टिरक्षकाने पुढे येऊन पाय मध्ये घातला. एक सोपा झेल उडाला, तर त्याच्याखालच्या माणसाने नाटकातल्यासारखी कोलांटी मारली आणि चेंडू बोटांतून सांडला. टाळ्या. "अरेरे, सुटला! आजींचं नशीब!" सेक्रेटरींनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, म्हाताऱ्यांना आउट करायचं नाही, खूष करून घरी पाठवायचं. म्हणे आदर!

सासूबाई फलंदाजीला गेल्या. पहिल्या चेंडूवर चार धावा मिळाल्या, कारण अडवायला कुणी हललंच नाही. त्यांचा चेहरा काळा पडला.

"हात वर करून टाक," त्या औषधवाल्याला म्हणाल्या.

"काकू, मजा करा ना!"

"मजा तुझ्या दुकानात विक. बॉल टाक."

त्याने पुन्हा सरपटी टाकला. सासूबाई पुढे सरसावल्या आणि असा काही फटका हाणला की मोडून जुळलेलं मनगट माझ्याच अंगात कळवळलं. चेंडू उंच गेला, सरळ मिड-ऑनकडे. तिथे माझा नवरा उभा होता. चेंडू खाली यायला इतका वेळ लागला की मला त्याच्या कपाळावरचा घाम दिसला. तो दोनतीन पावलं मागे गेला, हात वर केले आणि चेंडू त्याच्या हातांच्या मधून पडून गुडघ्यांमधून मागे निघून गेला. टाळ्यांचा कडकडाट झाला. सेक्रेटरी ओरडले, "मुलाचं प्रेम! मुलाचं प्रेम बघा!"

नवऱ्याने आईकडे पाहिलं नाही. रस्त्याकडे पाहिलं.

सासूबाईंनी ते तोंड पाहिलं. मीही पाहिलं, आणि आम्हा दोघींना एकच कळलं. बॅट त्यांनी खाली ठेवली. "मी आउट आहे."

"नाही नाही आजी, सुटला ना कॅच!"

"सुटला नाही. सोडला." त्या चालत सेक्रेटरींकडे आल्या आणि त्यांच्या हातातला माइक काढून घेतला. त्यांना माइकची गरज कधीच नव्हती, त्यामुळे तो आवाज रस्त्यापलीकडच्या दुकानांत गेला असेल. "मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नसतं, तसं आम्हाला आउट करायचं नसतं, होय ना? अजून जिवंत आहोत आम्ही! पदकं आधी मांडून ठेवता? हरायला तरी येऊ द्या की आम्हाला! ज्याला हरता येत नाही तो खेळतो कशाला?" माइक टेबलावर आपटून त्या घराकडे निघाल्या. शिवणक्लासवाल्या काकूंनी गुलाबी टोपी काढून पदकांवर टाकली. मग एकेकीने टाकली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं.

घरी आल्यावर माझा नवरा दारातल्या चपलांच्या कपाटावर बसला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. सासूबाई उभ्याच होत्या.

"हा सामना झालाच नाही," त्या म्हणाल्या. "शब्द मी सामन्याचा दिला होता, तमाशाचा नाही. उद्यापासून मी खेळणार."

"आई, शब्द मोडतेस?"

"तू सामना मोडलास! बाकीचे परके आहेत रे, त्यांना मी म्हातारी दिसते. तू? तुझ्या हातात बॉल आला होता. आईला भीक घातलीस चारचौघांत!"

आता मीही तोंड उघडलं. महिन्याभराचं साठलेलं होतं. "त्यांचा शेवटचा खेळ होता तो. तुझ्याच हट्टामुळे शेवटचा. निदान नीट आउट तरी करायचं होतंस. एवढीसुद्धा लाज ठेवली नाहीस?"

तो फरशीकडे बघत होता. सासूबाई पुढे झाल्या आणि त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं, लहान मुलाचं करावं तसं. "माझ्याकडे बघून सांग. का सोडलास?"

"सोडला नाही!" तो इतक्या जोरात ओरडला की शेजारचं दार उघडून पुन्हा लागल्याचा आवाज आला. "सोडला नाही मी! सेक्रेटरी मलाही सांगायला आले होते. मी त्यांना म्हटलं, माझी आई आहे, तिला असलं चालायचं नाही, माझ्याकडे कॅच आला तर मी घेणार. मला घ्यायचाच होता. तू आउट झालीस की संपलं, मी सुटलो, एवढंच डोक्यात होतं. बॉल दिसत होता. अगदी नीट दिसत होता. तीन पावलं मागे गेलो आणि धाप लागली. हात वर जायला पाहिजेत तेव्हा गेलेच नाहीत. गेले तेव्हा बॉल खाली होता." मग हळू म्हणाला, "लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना काय सांगू?"

आख्ख्या मैदानावर खरं खेळणारा एकच माणूस होता, आणि आम्ही दोघींनी त्यालाच चोर ठरवलं होतं. सासूबाईंनी त्याची हनुवटी सोडली. त्या त्याला वरपासून खालपर्यंत बघत होत्या. तो त्रेचाळीस वर्षांचा आहे. पोट मांडीवर आलेलं, पाय सुजलेले, तीन पावलांची धाप घरी येऊन बसला तरी अजून ओसरली नव्हती. मी रोज बघते त्याला. त्या दिवशी मला वाटलं, कपाटावर कुणाचे तरी वडील बसलेत.

"जिना चढताना धाप लागते?" सासूबाईंनी विचारलं.

"लिफ्टने येतो."

"लिफ्ट बंद असते तेव्हा?"

"मध्ये थांबतो. पहिल्या मजल्यावर."

"वाकून मोजे घालता येतात?"

त्याने पाय मागे ओढून घेतले.

मला वाटलं, आता त्याला जवळ घेतील. ह्या वयात आयांना मुलांचं असं काही कळलं की त्या जवळ घेतात. सासूबाई संतापल्या. त्यांना मी असंख्य वेळा चिडलेलं पाहिलंय, पण हा राग वेगळा होता. ह्यात भीती होती.

"मला विचारतोस, अंथरुणाला खिळलीस तर कोण बघणार? आणि तू खिळलास तर? मी बघू? ह्या मनगटाने? की ही बघेल, दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन आल्यावर? महिनाभर माझ्या हाडांचा हिशेब मांडत होतास, स्वतःचा कधी मांडलास?" त्यांनी त्याच्या खांद्यावर चापट मारली, चांगली लागेल अशी. "मूर्खा! आईच्या आधी म्हातारं होतं का कुणी?"

"आई, पण शब्द..."

"ठेव तुझा शब्द! मी पडले तर मला उचलणारा मुलगा आहे, म्हणून त्या मुलाचं ऐकून शब्द दिला होता मी. कुठाय तो? तुला स्वतःलाच उचलवत नाही, मला काय उचलणार? ऐक. ज्या दिवशी तू मला उचलून हा जिना चढशील, मध्ये न थांबता, त्या दिवशी मी बॅट खाली ठेवते. आपणहून ठेवते. सकाळी खाली यायचं."

"तिथे सगळ्या तुझ्या वयाच्या बायका," तो पुटपुटला. "मला कोण घेणार त्यांच्यात?"

"मी सांगेन त्यांना," सासूबाई म्हणाल्या, "ह्याचं वय झालंय, ह्याला घ्या."

कुणी हसलं नाही. तो उठायला लागला तर एका झटक्यात उठता आलं नाही, भिंतीचा आधार घ्यावा लागला. सासूबाईंनी डावा हात पुढे केला. तो त्याने धरला नाही, तर त्यांनीच त्याचं मनगट पकडलं आणि खेचून त्याला उभं केलं. मग त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने आतून रडण्याचा आवाज आला. आम्ही दोघं बाहेर उभे होतो, आणि आत जायची हिंमत आमच्यातल्या एकालाही झाली नाही.